तळाच्या फलंदाजांचे ऋण

मेलबर्नमध्ये संसार थाटलेल्या माणसाला सप्टेंबर महिन्यात ऑस्ट्रेलियन फुटबॉलपासून अलिप्त राहता येत नाही, आणि राहूही नये असे माझे मत आहे. कारण येथील जनता आपल्या संघावर जितके उत्कट प्रेम करते, तितकाच कठोर हिशेब हंगाम संपताच त्याच्याकडून मागते, आणि भक्ती व हिशेब या दोन गोष्टी परस्परांच्या वैरिणी नव्हेत हा धडा मुंबई क्रिकेटच्या आम्हां अभिमान्यांनी येथे अवश्य गिरवावा. रणजी करंडकाच्या २०२३-२४ च्या हंगामात मुंबईने आपले ४२ वे विजेतेपद मिळवले. त्या विजयाचे गुणगान पुष्कळ झाले. परंतु तो विजय कोणाच्या बळावर मिळाला, आणि त्या बळावर पुन्हा किती भिस्त ठेवावी, या प्रश्नाचा विचार झाला पाहिजे तेवढा झालेला नाही.

माझ्यासारख्या संगमनेर तालुक्यातल्या माणसाने मुंबईची वकिली का करावी, अशी शंका कोणी घेईल. क्रिकेटच्या कारभारात आमचा जिल्हा महाराष्ट्र संघटनेच्या, म्हणजे पुण्याच्या अंमलाखाली येतो हे खरेच; परंतु श्रीरामपूरचा झहीर खान बडोद्यामार्गे मुंबईकडे गेला, आणि आश्वी खुर्द येथे १९८८ साली जन्मलेला अजिंक्य रहाणे डोंबिवलीत वाढून मुंबईचा कर्णधार झाला, तेव्हा प्रवराकाठची निष्ठाही त्यांच्या मागोमाग घाट उतरून गेली.

शिवाय हंगामाचा हिशेब कसा मागावा, हे नगर जिल्ह्याला (त्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे) कोणी शिकवावे लागत नाही. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने लोणीच्या परिसरात सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून आमच्याकडचा सभासद शेतकरी वार्षिक सभेत केवळ किती ऊस गाळला एवढ्यावर समाधान मानीत नाही. साखरेचा उतारा किती पडला हे तो विचारतोच, कारण गाळपाचा आकडा डोळे दिपवणारा असला तरी उतारा घसरला की पुढच्या वर्षीच्या भावाची धडगत नसते, हे तो अनुभवाने जाणतो. मुंबईच्या त्या हंगामाकडे मी याच दृष्टीने पाहतो.

उपांत्यपूर्व फेरीत बडोद्याविरुद्ध मुशीर खानच्या नाबाद २०३ धावांमुळे मुंबईला पहिल्या डावात ३६ धावांची आघाडी मिळाली. दुसऱ्या डावात नऊ गडी ३३७ धावांवर बाद झाले असता तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे या दहाव्या व अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजांनी २३२ धावांची भागी रचली आणि दोघांनीही शतके ठोकली. असा योग प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये त्यापूर्वी एकदाच, १९४६ साली, चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांनी इंग्लंडमध्ये सरे संघाविरुद्ध घडवला होता. बडोद्याविरुद्ध हे वैभव होते, गरज नव्हती; परंतु उपांत्य सामन्यात ती वेळही आली. तमिळनाडूला १४६ धावांत गुंडाळल्यावर मुंबईची अवस्था सात बाद १०६ अशी झाली, तेव्हा पालघरचा शार्दूल ठाकूर मैदानात उतरला आणि त्याने प्रथम श्रेणीतील आपले पहिले शतक त्या दिवशी साजरे केले. त्याच्या १०९ आणि कोटियनच्या नाबाद ८९ धावांमुळे डाव ३७८ पर्यंत गेला, आणि मुंबईने सामना एक डाव व ७० धावांनी जिंकला. वानखेडेवरील अंतिम सामन्यात विदर्भाविरुद्ध पुन्हा तोच प्रसंग: सहा बाद १११, आणि पुन्हा शार्दूलच, ६९ चेंडूंत ७५ धावा करून डावाला २२४ ची अब्रू देणारा.

येथवरची हकीकत ऐकून जो मनुष्य म्हणेल की मुंबईला तळाच्या फलंदाजांनी विजेतेपद दिले, त्याचे म्हणणे मला अर्धेच मान्य आहे. अंतिम सामना मुंबईने जिंकला तो दुसऱ्या डावात. विदर्भ १०५ धावांत बाद झाल्यावर मुंबईचेही दोन गडी ३४ धावांवर गेले होते. त्या घडीला मुशीर आणि कर्णधार रहाणे यांनी शांतपणे १३० धावा जोडल्या, मुशीरने १३६, रहाणेने ७३, श्रेयस अय्यरने ९५ केल्या, आणि ५३८ धावांचे ओझे विदर्भाच्या डोक्यावर ठेवले. अक्षय वाडकरच्या शतकाने विदर्भाने शर्थीची झुंज दिली, तरी मुंबई १६९ धावांनी जिंकली. तळाच्या फलंदाजाने पहिल्या डावात जे ऋण चढवून ठेवले, ते वरच्या फलंदाजांनी दुसऱ्या डावात सव्याज फेडले. तळाच्यांनी संघाला जिवंत ठेवावे आणि वरच्यांनी काम तडीस न्यावे, हीच मोठ्या संघाची रीत आहे, आणि त्या हंगामाचा आदर्श म्हणून उपांत्य सामन्यातील चमत्कारापेक्षा अंतिम सामन्यातील ही परतफेड आपण मुलांना सांगावी.

रहाणेच्या नेतृत्वाची कीर्तीही याच रीतीवर उभी आहे. डिसेंबर २०२० मध्ये अॅडलेडला भारताचा डाव ३६ धावांत कोसळल्यावर आपल्याच मेलबर्नच्या मैदानावर, एमसीजीवर, त्याने ११२ धावा केल्या, आणि भारताने आठ गडी राखून कसोटी जिंकली; म्हणजे संकट आले ते कर्णधाराने स्वतःच्या अंगावर घेतले. पुढे ब्रिस्बेनला सहा बाद १८६ अशा बिकट अवस्थेत वॉशिंग्टन सुंदर आणि याच शार्दूलने १२३ धावा जोडून सामना राखला. पण अखेरच्या दिवशी विजय खेचून आणला तो शुभमन गिल, चेतेश्वर पुजारा आणि ऋषभ पंत यांनी. मेलबर्नच्या त्या विजयानंतर रहाणेला मिळालेले जॉनी मुलाघ पदक त्या वर्षी प्रथमच दिले गेले होते. मुलाघ १८६६ च्या बॉक्सिंग डेला ज्या आदिवासी संघाकडून एमसीजीवर खेळले, त्याला तयार करणारे टॉम विल्स हेच १८५९ साली या देशातील फुटबॉलचे नियम लिहिणाऱ्यांपैकी एक. क्रिकेटपटूंनी हिवाळ्यात शरीराची तालीम सोडू नये, हा त्यांचा मूळ हेतू होता. तेव्हा एकाच मैदानावर वाढलेल्या या दोन खेळांची तुलना करण्यात मी काही ओढाताण करीत आहे असे कोणी समजू नये.

फुटबॉलचा दाखला तर याहून बोलका आहे. ३० सप्टेंबर २०२३ रोजी माझ्या आवडत्या कॉलिंगवूडने ब्रिस्बेनचा ९० विरुद्ध ८६ असा पराभव करून आपले १६ वे विजेतेपद मिळवले. सहा गुणांचे गोल ब्रिस्बेनचे १३ आणि कॉलिंगवूडचे १२. परंतु ज्याचा केवळ एकच गुण मिळतो असे बिहाइंड कॉलिंगवूडचे १८ आणि ब्रिस्बेनचे ८. त्याआधी मेलबर्नवर सात गुणांनी आणि ग्रेटर वेस्टर्न सिडनीवर एका गुणाने मात झाली होती. म्हणजे बाद फेरीचे तिन्ही सामने मिळून फरक बारा गुणांचा. निसटत्या विजयांचे हे धैर्य वंदनीयच आहे. परंतु पुढच्याच वर्षी हाच संघ पहिले तीन सामने हरला आणि शेवटी नवव्या स्थानावर राहून पहिल्या आठांतून बाहेर पडला.

मुंबईच्या वाट्यालाही २०२४-२५ मध्ये हेच आले. हंगामाच्या प्रारंभी सर्फराज खानच्या नाबाद २२२ धावांनी इराणी करंडक २७ वर्षांनी घरी आणला. पण जानेवारी २०२५ मध्ये रोहित शर्मा, यशस्वी जयस्वाल, रहाणे आणि अय्यर असे दिग्गज संघात असताना जम्मू-काश्मीरने वांद्रे-कुर्ला संकुलात मुंबईला १२० धावांत बाद केले. दोन्ही डावांत धावून आला तो शार्दूलच, ५१ आणि ११९ धावा घेऊन. तरीही सामना पाच गड्यांनी गेला. नागपूरच्या उपांत्य सामन्यात विदर्भाच्या पार्थ रेखडेने एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे यांना परत पाठवले. दुसऱ्या डावात शार्दूलने ६६ धावा केल्या, पण मुंबई ८० धावांनी हरली. या वेळी तळाच्यांचे ऋण फेडायला वर कोणीच उरले नव्हते.

येथे एक आक्षेप मी आदराने ऐकून घेतो. शार्दूल आणि कोटियन हे शेपटाचे फलंदाज नव्हेत, ते अष्टपैलू आहेत. नवव्या-दहाव्या क्रमांकापर्यंत धावा करणारा संघ हा दुबळा नसून समृद्ध आहे, असे जाणकार म्हणतात. कोटियनने त्या विजेत्या हंगामात ५०२ धावा करून आणि २९ बळी घेऊन स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला, हे या म्हणण्याला मोठेच बळ देते. हे सर्व मान्य करूनही मी विचारतो की अडीअडचणीसाठी राखलेली ही समृद्धी नित्याच्या खर्चाला लावली तर खरी अडचण येईल त्या दिवशी खजिन्यात काय राहील? ज्या गोलंदाजाने वीस षटके टाकायची आहेत त्यालाच प्रत्येक डावात शतकाची जबाबदारी देणे हा त्याचा गौरव नसून त्याच्यावरील अन्याय आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये रहाणेने मुंबईचे कर्णधारपद सोडले, आणि ती धुरा शार्दूलकडे आली. जो आजवर संघाचा तारणहार होता तोच आता त्याचा कारभारी झाला आहे. आश्वीच्या त्या शांत माणसाकडून त्याने सर्व काही घ्यावे, पण विशेषेकरून एमसीजीवरील ११२ धावांमागची वृत्ती घ्यावी, आणि आपल्या पहिल्या सहा फलंदाजांना स्पष्ट बजावावे की सात बाद शंभर या आकड्यावर कर्णधाराला मैदानात उतरावे लागले तर त्या डावाचा दोष त्यांच्या नावे नोंदला जाईल. आपणही, मंडळातील क्रिकेटप्रेमी बंधुभगिनींनो, पुढच्या हंगामात शार्दूलच्या शतकाला टाळ्या वाजवाव्यात. पण त्या शतकाची गरज का पडली, हा प्रश्न टाळ्या संपण्यापूर्वी विचारावा.