टे नदीतला सामन नेमका कोणाचा? (धागा)

स्कॉटलंडच्या थंड नदीत कमरेइतक्या पाण्यात उभा राहून लांब काठीने गळ फेकणारा ट्वीडधारी गृहस्थ हे चित्र इतके रुळले आहे की, ती त्या भूमीची अनादी परंपरा वाटावी. वास्तविक या छंदाला आजची प्रतिष्ठा लाभून जेमतेम दोनशे वर्षे झाली. आणि त्याच्या मुळाशी माशापेक्षा मालमत्तेचा इतिहास अधिक आहे.

टे ही स्कॉटलंडमधील सर्वांत लांब नदी, सुमारे १९० किलोमीटर. पर्थवरून (हे मूळचे पर्थ; ऑस्ट्रेलियातले त्याचे धाकटे भावंड) वाहत ती डंडीपाशी उत्तर समुद्राला मिळते. सामन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी बहुधा जन्मनदीतच परततो. सी ट्राउटची कथा त्याहून चमत्कारिक. तो आणि नदीतच आयुष्य काढणारा ब्राउन ट्राउट ही एकच जात; एक समुद्रावर जातो, दुसरा घरी राहतो. परंतु स्कॉटिश कायद्याच्या व्याख्येत समुद्र पाहून आलेला ट्राउट ‘सामन’मध्ये मोडतो, घरकोंबडा मोडत नाही!

या व्याख्येला एवढे महत्त्व का? कारण सामन पकडण्याचा हक्क मुळात राजाचा. राजाने तो सरदारांना, मठांना, नगरांना बहाल केला आणि पुढे तो जमिनीपासून स्वतंत्र अशी वंशपरंपरागत मालमत्ता बनला. काठावरचे शेत एकाचे आणि समोरच्या डोहातील सामनचा हक्क दुसऱ्याचाच, अशी स्थिती तेथे आजही असू शकते. हा हक्क विकता येतो, भाड्याने देता येतो, वारशाने मिळतो. पाण्यात पोहणारा मासा मात्र कोणाचाच नसतो. मालकी असते ती त्याला पकडण्याची. वतने-इनामांच्या कागदांत रमणाऱ्यांना ही विभागणी फारशी परकी वाटू नये.

मध्ययुगीन राज्यकर्ते याबाबत बेफिकीर नव्हते, हे नमूद केलेच पाहिजे. नदीत आडवे बांध घालून त्यांत सापळे बसवणाऱ्यांनी शनिवार-रविवारी वाट मोकळी ठेवावी, असा दंडक होता. १४२४ मध्ये पहिल्या जेम्सच्या संसदेने विणीच्या हंगामात सामन मारण्यास बंदी घातली. मासेमारीवरील बंदीकाळ ही काही आधुनिक पर्यावरणवाद्यांची कल्पना नव्हे.

पूर्वी स्कॉटिश नोकर ‘आठवड्यात ठरावीक वेळांपेक्षा अधिक सामन वाढू नये’ अशी अट घालत, ही आख्यायिका समाजमाध्यमांवर हौसेने फिरते. अशी अट असलेला मूळ करारनामा मात्र आजवर कोणी दाखवलेला नाही.

खरे वळण आले अठराव्या शतकाच्या अखेरीस, आणि तेही पूर्वेकडून. तोवर लंडनला जाणारा सामन खारवून किंवा उकडून सिरक्यात मुरवून जाई. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील अलेक्झांडर डॅलरिंपल याच्याकडून जॉर्ज डेम्पस्टर यास कळले की, चिनी कोळी मासे बर्फात ठेवून नेतात. डेम्पस्टर हा संसद सदस्य आणि कंपनीचा माजी संचालक. त्याने ही युक्ती पर्थचा व्यापारी जॉन रिचर्डसन याला सांगितली. १७८० च्या दशकात टे नदीचा सामन बर्फात घालून लंडनला रवाना होऊ लागला. ताज्या माशाला दुप्पट मान. साहजिकच जाळ्यांचा जोर वाढला. हे जाळे होडीतून अर्धवर्तुळात सोडून काठावरून ओढत. कोकणात रापण पाहिलेल्याला ते समजावून सांगावे लागणार नाही.

मग आली रेल्वे आणि राणी. व्हिक्टोरियाने १८४८ मध्ये डी नदीकाठचे बालमोरल भाड्याने घेतले. तिच्यामागोमाग धनिक इंग्लंड उत्तरेकडे लोटले. जाळ्यातल्या माशाच्या किमतीपेक्षा गळ टाकू देण्याचे भाडे मोलाचे ठरू लागले. १८६२ व १८६८ च्या कायद्यांनी नद्यांसाठी जिल्हा मंडळे, बंदीकाळ आणि पहारेकरी आणले. त्यांमुळे मासा काही अंशी वाचला हे खरे. पण त्या मंडळांत बसले हक्कदार मालकच. मशालीच्या उजेडात भाल्याने मासा टिपणारा गावकरी चोर ठरला, आणि दिवसाकाठी भाडे मोजणारा पाहुणा खेळाडू. संवर्धनाच्या नावाने केलेली ही वर्गवारी निष्पाप म्हणता येणार नाही.

७ ऑक्टोबर १९२२ रोजी कॅपथजवळ जॉर्जिना बॅलंटाइन हिने ६४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २९ किलोंचा सामन गळाला लावला. तिचे वडील होडी वल्हवीत होते. झुंज दोन तास चालली. गळाने पकडलेल्या सामनचा तो ब्रिटिश विक्रम अद्याप अबाधित आहे. मालकांच्या नदीतील सर्वांत मोठा मासा मालक नसलेल्या घरातील स्त्रीच्या नावावर आहे, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी!

विसाव्या शतकात धरणे आली. टेच्या खोऱ्यात, टमेल नदीवरील पिटलॉक्री येथे माशांना वर चढण्यासाठी ३४ कुंडांची शिडी बांधावी लागली. तरीही ठपका राहिला तो जाळेवाल्यांवर. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात टेवरील जाळ्यांची मासेमारी थांबवण्यात आली आणि २०१६ पासून किनाऱ्यावर पकडलेला सामन ठेवण्यासही बंदी आली. पिढ्यान्‌पिढ्यांचा एक धंदा संपला. मासा मात्र परतला नाही. २०१० मध्ये स्कॉटलंडभर गळाने एक लाखाहून अधिक सामन पकडले गेले होते. २०२३ मध्ये ही संख्या ३३ हजारांच्या आसपास आली, १९५२ पासूनच्या नोंदींतील नीचांक. त्यांतील दहापैकी नऊहून अधिक मासे पुन्हा पाण्यात सोडण्यात आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्रिटनमधील अटलांटिक सामन ‘संकटग्रस्त’ यादीत गेला. समुद्राचे वाढते तापमान, उथळ व तापलेल्या नद्या आणि बंदिस्त सामनपालनातून पसरणाऱ्या उवा अशी कारणे सांगितली जातात. यांपैकी एकाचाही बंदोबस्त नदीकाठच्या पहारेकऱ्याला करता येत नाही. पकडण्याचा हक्क मात्र अजूनही विकला जातो, भाड्याने दिला जातो, वारशाने मिळतो.