कोरपन्याचे पत्र

गेल्या महिन्यात आम्हांस कोरपन्याहून एका भगिनींचे पत्र आले. कोरपना हा चंद्रपूर जिल्ह्यातील, आदिलाबादच्या सीमेलगतचा, कापसाचा व सिमेंटच्या कारखान्यांचा तालुका. बाईंचे यजमान तेथेच नोकरीस आहेत. मुलगा मुंबईस दूरचित्रवाणीच्या मालिकांतून लहानसहान कामे करतो. दिवाळीस घरी आला असता त्याने आईस एकटीला गाठून सांगितले की, आपण समलिंगी आहोत आणि हे आता चारचौघांत उघड बोलणार आहोत. बाई लिहितात, “वैद्यास दाखवावे का, असे मी विचारीत नाही, तेवढे मला कळते. पण त्याची कामे बंद पडतील. ‘गप्प राहा’ असे मी त्यास सांगावे काय?”

आईला पडलेला प्रश्न कुटुंबाच्या मासिकात यावयाचा नाही, तर कोठे?

कायद्याचे भय आता उरलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांस गुन्ह्यातून वगळले. विवाहास मान्यता देण्याचे मात्र 2023 साली नाकारले. राहिले ते पोटापाण्याचे भय. तेच उराशी धरून बसलेल्या एका अमेरिकन नटाची हकीकत येथे सांगावीशी वाटते.

जॉर्ज टाकेई ह्यांचा जन्म 1937 सालचा, जपानी वंशाच्या कुटुंबातला. 1942 साली अमेरिकन सरकारने अशा कुटुंबांस सरसकट छावण्यांत डांबले, तेव्हा ते पाच वर्षांचे होते. 1966 साली ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील सुलूच्या भूमिकेने ते घरोघर पोहोचले. छावण्यांच्या अन्यायाविषयी 1981 साली त्यांनी चौकशी आयोगापुढे साक्षही दिली. सरकारास भर सभेत जाब विचारणारा हा गृहस्थ स्वतःविषयी मात्र अडुसष्टाव्या वर्षापर्यंत जाहीरपणे बोलला नाही. कामे मिळणार नाहीत ही धास्ती, असे कारण त्यांनीच पुढे सांगितले. 2005 साली कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी समलिंगी विवाहाचे विधेयक अडविले, तेव्हा त्यांचे मौन सुटले. त्या वेळी सोबत्यासह संसार करून त्यांस अठरा वर्षे झाली होती!

कामे बंद पडली नाहीत. 2007 साली ‘हीरोज’ मालिकेत ते दिसले, 2008 साली त्यांचा विवाह झाला. 2011 साली टेनेसी राज्यात शाळांतून समलिंगींचा उल्लेखच होऊ नये असा घाट घातला गेला, तेव्हा त्या शब्दाऐवजी खुशाल माझे आडनाव वापरा, असे त्यांनी सुचविले. इंग्रजीत दोहोंचे यमक जुळते!

परंतु नाव मिळविलेला वृद्ध नट निराळा आणि मुंबईत भाड्याने राहणारा होतकरू मुलगा निराळा. त्याची कामे जाणार नाहीत, अशी हमी आम्ही देत नाही. म्हणून ‘गप्प राहा’ असेही सांगू नये, ‘बोल’ असेही सांगू नये. चार महिन्यांचे भाडे गाठीस आहे काय, पाठीशी कोण उभे राहील, एवढे विचारावे. वेळ त्याने ठरवावी.

चेतन दातार ह्यांचे ‘एक माधवबाग’ हे नाट्य बाईंनी अवश्य मिळवावे. त्यात बोलते ती अशाच मुलाची आई. मोना आंबेगावकर ह्या मालिकांतील अभिनेत्रीने ते ठिकठिकाणी सादर केले आहे.

आणखी एक. ही गोष्ट यजमानांस वर्तमानपत्रातून कळू नये. संक्रांतीस मुलगा येईल, त्यापूर्वी, त्याची संमती घेऊन, ती त्यांच्या कानी घालावी. ते काय म्हणाले, हे आम्हांस कळवावे.