कागदावरचा ‘बदल’ नेमका कोणता?



भाईंदर पूर्वेला नवघर, गोडदेव, खारी या बाजूला पूर्वी भातशेती होती आणि खाडीकडे मिठागरे. आज तिथे इमारती आहेत आणि त्यांत कोकणातली, देशावरची कितीतरी कुटुंबे राहतात. खोली इथे आणि जमीन गावाकडे, असा त्यांचा संसार. त्यांतल्याच एका वाचक भगिनीने विचारले आहे: “वडील वारले. सातबाऱ्यावर बदल करायचा आहे म्हणून भावाने इंग्रजी कागद पाठवला आहे. त्यात तीन-चार निरनिराळे शब्द आहेत. मुलगा म्हणतो, सगळ्यांचा अर्थ बदलणे असाच होतो. सही करू का?”

ताई, जरा थांबा. आपण ‘बदल’ या एका शब्दावर भागवतो. इंग्रजी कागदात मात्र प्रत्येक बदलाला वेगळा शब्द असतो आणि त्याचा परिणामही वेगळा असतो.

पहिला शब्द ‘करेक्ट’ किंवा ‘रेक्टिफाय’. म्हणजे चूक सुधारणे. नावात ‘पाटील’चे ‘पाटिल’ झाले, गट क्रमांकाचा एक आकडा चुकला, तर ती लेखनदुरुस्ती. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५५ मध्ये तिची सोय आहे. यात कोणाचा हक्क जात नाही आणि येतही नाही. दुरुस्तीच्या नावाखाली एखाद्या वारसाचे नावच गाळले जात असेल, तर ती लेखनदुरुस्ती नव्हे.

दुसरा ‘म्यूटेट’. त्यावरून झालेले ‘म्यूटेशन’ म्हणजे आपला फेरफार. वारसाने, खरेदीने किंवा वाटणीने हक्क बदलला की त्याची नोंद गाव नमुना ६ मध्ये होते. वारसाने हक्क मिळाला असेल तर तीन महिन्यांत कळवावे, असे कलम १४९ सांगते. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते नोंदीची नोटीस चावडीवर लावतात व संबंधितांना कळवतात. हरकतीसाठी १५ दिवस असतात. मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि सातबारा बदलतो. पण फेरफार म्हणजे मालकी हक्काचा दाखला नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे. हक्क मुळात वारसाने किंवा दस्ताने येतो. फेरफार ही त्याची नोंद.

तिसरा ‘कन्व्हर्ट’, म्हणजे रूपांतर. माप बदलते, वस्तू तीच राहते. एकराचे हेक्टर करताना कित्येकांच्या पोटात गोळा येतो. दोन एकर म्हणजे ८० गुंठे. हेक्टरात लिहिले की ०.८१. वाटते, दोनाचे एकसुद्धा उरले नाही! पण एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटरांहून किंचित जास्त आणि एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठ्याला आर धरून अंदाज घ्या, म्हणजे घाबरायला होणार नाही. मात्र ‘शेतीचे बिगरशेतीत’ असे शब्द आले, तर तिथे माप नव्हे, जमिनीचा वापरच बदलतो. तो कागद नीट वाचा.

चौथी जोडी ‘रिव्ह्यू’ आणि ‘रिव्हाइज’. दोन्हींत फेरविचार आहे, पण करणारा वेगळा. ज्या अधिकाऱ्याने हुकूम दिला तोच, किंवा त्याच्या जागी आलेला, तो हुकूम पुन्हा पाहतो ते पुनर्विलोकन, कलम २५८. वरचा अधिकारी खालच्याचे दप्तर मागवून तपासतो ते पुनरीक्षण, कलम २५७. अर्ज चुकीच्या दारी गेला तर मुदत निघून जाते.

सोसायटी आणि बँकेतही हीच गत. मार्चमध्ये आपण ‘नवे-जुने’ करतो, ते ‘रिन्यू’. पीक बुडाले म्हणून हप्ते पाडून मुदत वाढवली, तर ते ‘रिस्ट्रक्चर’, म्हणजे पुनर्गठन. पुनर्गठन म्हणजे माफी नव्हे. मुद्दल तेच राहते. आणि ‘रिकॅल्क्युलेट’ म्हणजे फेरहिशोब. समजा, मुद्दल ६०,००० रुपये, व्याज दहा टक्के. वर्षाचे व्याज ६,००० झाले. ते मुद्दलात मिळवून ६६,००० धरले, तर पुढच्या वर्षी व्याज ६,६०० होईल. वरचे ६०० हे व्याजावरचे व्याज. म्हणून नव्या कागदावर सही करण्यापूर्वी जुने मुद्दल आणि नवे मुद्दल शेजारी-शेजारी लिहून मागा.

आता ताई, तुमचा कागद. त्यात ‘रिलीज’ किंवा ‘रिलिंक्विश’ हा शब्द आहे का, ते आधी पाहा. त्याचा अर्थ बदलणे नव्हे, सोडणे. तो हक्कसोडीचा कागद असतो. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल तर मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. जमिनीतला हिस्सा सोडायचा तर त्याचा दस्त नोंदवावा लागतो आणि एकदा नोंदवला की परत फिरणे फार अवघड. भावाच्या मनात काळेबेरे आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. कदाचित लिहिणाऱ्याने ठरावीक मजकूर उतरवून दिला असेल. हिस्सा सोडायचा की ठेवायचा, हा तुमचा निर्णय. तो समजून घ्यावा, एवढेच.

भावाला फोन करून सांगा, “दादा, कागद मराठीत करून पाठव. वारस म्हणून आईचे, तुझे आणि माझे नाव लावायचे, की माझे नाव काढायचे, ते स्पष्ट लिही.” तोवर सही नको. गावची चावडी भाईंदरपासून लांब आहे खरी, पण फेरफाराच्या नोटिसा शासनाच्या ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर दिसतात. जिल्हा, तालुका, गाव निवडून मुलाला दर आठवड्याला पाहायला सांगा. हरकत असेल तर १५ दिवसांच्या आत लेखी द्या आणि पोच घ्या.

इतर वाचकांनीही घरातले इंग्रजी कागद एकदा काढून पाहावेत. प्रत्येक ठिकाणी तीनच गोष्टी विचारा: काय बदलते, कोण बदलतो, आणि माझे काय जाते? उत्तर मराठीत मिळेपर्यंत पेन खिशातच राहू द्या.