विश्लेषण : एमएमएच्या थेट लढती घरबसल्या अधिकृतपणे कशा पाहाल?

लास व्हेगासमध्ये शनिवारची रात्र रंगात येते, तेव्हा वाघोलीत रविवारची सकाळ झालेली असते. मोठी लढत असली की व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवर ‘फ्री लाइव्ह’च्या लिंक फिरू लागतात. भारतीय प्रेक्षकाला अधिकृत मार्ग फारसा महाग पडत नाही. मात्र कोणती लढत नेमकी कुठे दिसते, हे अनेकांना ठाऊक नसते आणि बनावट लिंकचे फावते ते तिथेच.

एमएमए आणि यूएफसी एकच का?

नाही. क्रिकेट आणि आयपीएलमध्ये जो फरक, तोच इथे. मिक्स्ड मार्शल आर्ट्स म्हणजेच एमएमए हा खेळ आहे. १९९३ मध्ये सुरू झालेली अमेरिकेतील यूएफसी, सिंगापूरची वन चॅम्पियनशिप आणि भारतातील मॅट्रिक्स फाइट नाइट या त्या खेळाच्या लढती भरवणाऱ्या वेगवेगळ्या संस्था आहेत. प्रत्येकीचे प्रक्षेपण हक्क स्वतंत्रपणे विकले जातात. त्यामुळे एका अ‍ॅपचे पैसे भरले म्हणजे सगळ्या लढती दिसतील, असे नाही.

इथल्या प्रेक्षकाला या खेळाची ओढ का?

कुस्ती या परिसराला नवी नाही. वाघोलीच्या पुढे असलेल्या फुलगावात नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. एमएमएमध्ये कुस्तीची पकड आणि बॉक्सिंगचा ठोसा दोन्ही कामी येतात. महाराष्ट्राचा भरत खंडारे नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला यूएफसीच्या रिंगणात उतरला. २०२३ मध्ये अंशुल जुबलीने ‘रोड टू यूएफसी’ स्पर्धा जिंकून करार मिळवला. जून २०२४ मध्ये पूजा तोमर यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली.

भारतात यूएफसी कुठे दिसते?

गेली अनेक वर्षे यूएफसीचे भारतातील प्रक्षेपण सोनीच्या क्रीडा वाहिन्यांवर आणि सोनीलिव्ह अ‍ॅपवर होत आले आहे. घरी डीटीएच किंवा केबल असेल, तर संपूर्ण पॅक न घेता फक्त ती वाहिनी निवडता येते. ट्रायच्या नियमांनुसार प्रत्येक सशुल्क वाहिनी सुटी देणे बंधनकारक आहे. अमेरिकेत २०२५ पर्यंत मोठ्या लढतींसाठी वर्गणीशिवाय सुमारे ८० डॉलर वेगळे मोजावे लागत. भारतात मात्र वर्गणीतच काम भागत आले आहे.

यूएफसीचे स्वतःचे ‘फाइट पास’ही आहे. जुन्या लढतींचा संग्रह हे त्याचे बलस्थान. थेट लढतींपैकी काय दिसेल, हे मात्र देशानुसार बदलते. हक्कांचे करार ठरावीक मुदतीचे असतात. त्यामुळे वार्षिक वर्गणी भरण्यापूर्वी संबंधित अ‍ॅपच्या वेळापत्रकात ती लढत आहे का, हे तपासावे.

अलार्म किती वाजताचा लावायचा?

उन्हाळी वेळ लागू असताना भारत लास व्हेगासच्या साडेबारा तास पुढे असतो. नोव्हेंबर ते मार्चदरम्यान हे अंतर साडेतेरा तास होते. म्हणजे तिथे संध्याकाळी ७ वाजता सुरू होणारी लढत इथे सकाळी साडेसात किंवा साडेआठला दिसते. अबूधाबी दीड तास मागे असल्याने तिथल्या लढती आपल्याकडे सोयीच्या वेळी येतात.

आणखी एक मुद्दा. नवे खेळाडू बहुतेकदा मुख्य लढतींच्या आधीच्या फेरीत उतरतात. पूजाचा विजय लुईव्हिलमध्ये ८ जूनला झाला, तेव्हा भारतात ९ जूनची पहाट होती. भारतीय खेळाडूला पाहायचे असेल, तर अलार्म मुख्य लढतीच्या बराच आधीचा लावावा.

मोबाइल डेटा पुरेल का?

सेकंदाला ५ मेगाबिट वेगाने चित्र येत असेल, तर तासाला साधारण सव्वादोन जीबी डेटा लागतो. तीन तासांत पावणेसात जीबी. रोज दीड-दोन जीबी देणारा रिचार्ज पहिल्या तासातच संपेल. पीजीत राहणाऱ्यांनी वायफाय वापरावे किंवा चित्राचा दर्जा कमी ठेवावा.

फुकटच्या लिंकमध्ये धोका काय?

अशी लिंक अनेकदा प्ले स्टोअरबाहेरचे अ‍ॅप, म्हणजे एपीके फाइल, उतरवायला सांगते. त्या अ‍ॅपला एसएमएस वाचण्याची परवानगी दिली, की बँकेचा ओटीपी दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो. काही ठिकाणी ‘पडताळणीसाठी एक रुपया’ म्हणून कार्डाचा तपशील मागितला जातो. लढत पाहण्यासाठी संपर्कयादी, एसएमएस किंवा स्क्रीन शेअरिंगची परवानगी लागत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुरेसे आहे. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तातडीने तक्रार करावी. जितका उशीर, तितके पैसे अडवणे कठीण.

सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये दाखवता येईल का?

घरच्या टीव्हीवर चार मित्रांसोबत लढत पाहण्यात अडचण नाही. पण तिकीट लावून किंवा वर्गणी काढून लोकांना प्रक्षेपण दाखवायचे असेल, तर कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ३७ नुसार हक्कधारकाची परवानगी लागते. अ‍ॅपची वर्गणी वैयक्तिक वापरापुरती असते, हे कॅफेचालकांनीही ध्यानात घ्यावे. जाणूनबुजून उल्लंघन केल्यास याच कायद्याच्या कलम ६३ नुसार सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. व्हीपीएन वापरून दुसऱ्या देशातील प्रक्षेपण पाहणे सेवेच्या अटींचा भंग ठरू शकते आणि खाते बंद होऊ शकते.

लढतीआधी काय तपासाल?

आदल्या दिवशीच चार गोष्टी पाहाव्यात : लढत कोणत्या संस्थेची आहे, भारतातील हक्क कोणाकडे आहेत, भारतीय वेळ काय आणि आपल्या प्लॅनमध्ये एका वेळी किती स्क्रीन चालतात. घरात लहान मुले असतील, तर पालक नियंत्रण सुरू ठेवावे, कारण रक्तबंबाळ दृश्ये या खेळात येतातच. जेतेपदाची लढत जास्तीत जास्त पाच फेऱ्यांची, म्हणजे २५ मिनिटांची असते, पण ती पहिल्या मिनिटातही संपू शकते. तेव्हा लिंक शोधत बसलेल्याच्या हाती फक्त निकाल येतो.