चुकीचं बोलायची हिंमत

आमची नात गेल्या सप्टेंबरात शिकायला फ्रान्सला गेली, ल्यों शहरात. निघताना घरात काय गडबड! शेंगाची चटणी, कडक भाकऱ्या, छोटा कुकर. वजनकाट्यावर बॅग तीनदा चढली-उतरली. (सुनेने बाहेर काढलेली चादर मी गुपचूप परत आत सरकवली.) अभ्यासक्रम इंग्रजीत आहे म्हटल्यावर भाषेची काळजी कुणी केली नाही. फ्रेंचचा प्राथमिक वर्ग तिने केला होता, तेवढं पुरे असं सगळ्यांचं मत. माझंही.

एरवी ही मुलगी म्हणजे घरातलं रेडिओ सिलोन. पण पहिल्याच आठवड्यात फोनवरचा आवाज बारीक झाला. कॉलेजात इंग्रजी चालतं, पण कॉलेज दिवसाचे चार-पाच तास. घरभाड्याचा करार फ्रेंचमध्ये, बँकेची पत्रं फ्रेंचमध्ये. दुकानात शिरल्यावर आधी "बाँजूर" म्हणायचं असतं, ते न म्हणता हिने थेट इंग्रजीत विचारलं, तर काउंटरवरच्या बाईंनी नुसतं बघितलं.

मग बेकरीतला प्रसंग. बगेत म्हणजे तो लांब पाव, फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी. हिने पुल्लिंगी करून मागितला. बाईंनी शब्द सुधारून सांगितला, मागच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. तेव्हापासून पोरगी सुपरमार्केटातून पाव घेऊ लागली. का? तर तिथे बोलावं लागत नाही!

हे ऐकलं आणि मंडळी, मला रात्री झोप नाही.

माझी सगळी नोकरी सोलापूरच्या पूर्व भागात, मराठी शाळेत झाली. वर्गातली निम्मी मुलं विणकरांची, घरी तेलुगू बोलणारी. तेलुगूत आपल्यासारखी तीन लिंगं प्रत्येक वस्तूला चिकटलेली नसतात. १९७८ साली पाचवीतला एक मुलगा उभा राहून म्हणाला, "बाई, माझी पुस्तक हरवला." वर्ग हसला. मीही हसले. वर त्याच्याकडून ते वाक्य दहा वेळा म्हणून घेतलं. मला वाटलं, मी व्याकरण शिकवतेय. त्यानंतर तो वर्गात बोलला नाही. गणितं बिनचूक सोडवायचा, पण विचारलं की मान खाली.

माझं स्पष्ट मत असं, की परदेशी जाणाऱ्या मुलांना आपण सगळं बांधून देतो, फक्त चुकीचं बोलायची सवय देत नाही. उलट बालवाडीपासून ती मोडून काढतो. आता इंग्रजी शाळांतून तेच चाललंय. पोर मोडकं बोललं की पाहुण्यांसमोर आईबापच दुरुस्त करतात. बरं, सराव करायला फ्रान्सच कशाला हवं? आपल्या गावात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एका रिक्षात ऐकू येतात. पण मी स्वतः इतकी वर्षं पूर्व भागात काढून तेलुगूची दहा वाक्यं शिकले नाही. चुकले असते ना! बाईंनी चुकायचं कसं?

असो. नातीचं पुढे सांगते. एका शनिवारी ती क्रुआ-रूसच्या टेकडीवर गेली. ही ल्योंच्या रेशीम विणकरांची जुनी वस्ती. घरांची छतं उंचच उंच, कारण आत जेकार्डचे उंच माग उभे करायचे होते. आपल्या चादरीवर नक्षी काढणारं ते जेकार्ड याच गावच्या जोसेफ मारी जाकार्डचं, १८०४ सालचं. तिथे माग चालवून दाखवणाऱ्या बाईंना नातीने मोबाइलवर आपल्या चादरीचा फोटो दाखवला आणि लिंग-वचनाचा पार चुराडा करत बोलत सुटली. पंधरा मिनिटं! बाईंनी एकदाही दुरुस्त केलं नाही म्हणे. उलट चादरीचे दोरे, रंग, सगळं विचारत राहिल्या.

सोमवारी ती बेकरीत गेली. या वेळी बगेतचं लिंग बरोबर आलं, पण किंमत ऐकताना आकडा चुकला. हे सांगताना स्वतःच हसत होती.

मग मी तिला त्या मुलाची गोष्ट सांगितली. तिने विचारलं, "आजी, मग त्याचं पुढे काय झालं?"

सहामाहीनंतर तो शाळेत येईनासा झाला. वडिलांबरोबर मागावर बसला, असं कुणीतरी म्हणालं. त्याचं घर शाळेपासून दोन गल्ल्या पलीकडे होतं. मी चौकशी केली नाही.