दोन सुया

परवा मी नातीसमोर चोरासारखी उभी होते. वयाच्या पंच्याहत्तराव्या वर्षी! दुसऱ्याची वस्तू न विचारता घेऊ नये, हे वर्गातल्या मुलांना किती वर्षं सांगितलं त्याला गणती नाही. आणि वस्तूही अशी घेतली, की विचारून घेतली असती तरी चूकच ठरली असती.

झालं असं. नात दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून इथे पंचवटीत आली होती. तिच्या गालांवर मुरुमं आहेत, आणि जुन्या मुरुमांचे लहान लहान खड्डेही. रात्री जेवणं झाली की ती न्हाणीघरातल्या आरशासमोर उभी राहायची आणि एक यंत्र गालावरून फिरवायची. दाढीच्या रेझरसारखी मूठ, पुढे अंगठ्याएवढा फिरता रूळ आणि त्या रुळाला दाटीवाटीनं लावलेल्या बारीक सुया. खोक्यावर '५४० सुया' असं छापलेलं. त्याला म्हणतात डर्मारोलर. घरपोच मागवलेला.

"अगं, दुखत नाही का?" मी विचारलं.

"थोडं चुरचुरतं. पण आजी, सुया टोचल्या की कातडी स्वतःला दुरुस्त करायला लागते. खड्डे भरून येतात."

खड्डे भरून येतात. हे शब्द डोक्यात बसले ते बसलेच.

नातेवाइकांना माहीत आहे, पण ब्लॉगवरच्या मित्रमैत्रिणींना बहुधा नसेल. इथला माझा फोटो लहान आहे आणि जुना आहे. माझ्या तोंडावर देवीचे वण आहेत.

१९५९ साली मी आठ वर्षांची होते. सिन्नर तालुक्यातल्या आमच्या गावी टोचायला माणूस यायचा. त्याला सगळे 'देवी डॉक्टर' म्हणत. तो दंडावर औषधाचा थेंब ठेवून त्यावर दातेरी चकतीचं अवजार दाबून फिरवायचा. पोरं किंचाळायची, ताप यायचा, फोड यायचे. माझ्या वयाच्या अनेकांच्या दंडावर ते गोल वण अजून आहेत. माझ्या दंडावर मात्र नाहीत, कारण देवी डॉक्टर आला की माझी आजी मला कणगीमागे लपवायची. 'लेकराला कशाला टोचायचं? आईची कृपा असली म्हणजे झालं.' आई म्हणजे शीतळा. त्या वर्षी गावात देवी आल्या. मी जगले, शेजारची माझ्याच वयाची मुलगी गेली. आजीनं पुढे मरेपर्यंत मला कधी आरसा पुसायला सांगितला नाही. मीही तिला कधी काही म्हटलं नाही.

दंडावरचे दोन वण चुकवले, आणि तोंडावर मोजता येणार नाहीत इतके आले.

मग बी. ए. झाले, नोकरी लागली, आणि दाखवण्याचे कार्यक्रम सुरू झाले. पोहे खाऊन मंडळी जायची आणि चार दिवसांनी निरोप यायचा. 'मुलगी हुशार आहे, पण...' या 'पण'च्या पुढे कोणी काही बोलायचं नाही. बोलायची गरजही नसायची. १९७६ साली आमच्या ह्यांनी होकार दिला, तेव्हा माझ्या आईनं गंगेवर जाऊन ओटी भरली. (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.) संसार चांगला झाला. वर्गात पोरांनी मागून काही नावं ठेवली असतील, पण समोर कधी कोणी काही बोललं नाही. मला वाटायचं, विषय संपला.

संपला नव्हता. एका दुपारी नात मैत्रिणीकडे गेली होती आणि सूनबाई बाजारात. मी न्हाणीघराची कडी लावली, रोलर घेतला आणि गालावर फिरवला. आधी हळू, मग जरा जोर देऊन, उभा, आडवा, तिरपा, नात फिरवायची तसाच. रक्ताचे थेंब आले. हृदयासाठी मी रक्त पातळ करायची गोळी घेते, त्यामुळे ते लवकर थांबेनात. तोंड धुतलं, रोलर नळाखाली धरला, डबीत ठेवला. संध्याकाळी सूनबाई म्हणाली, "आई, तोंड लाल का दिसतंय?" मी म्हटलं, ऊन लागलं.

रात्री नातीनं डबी उघडली आणि रोलर हातात घेतला. त्या क्षणी मला शाळेतला एक तास आठवला. एड्सविषयी मुलांना माहिती द्या असं सांगण्यात आलं होतं आणि बाकीचे शिक्षक लाजत होते, म्हणून आठवी-नववीच्या वर्गांवर मी गेले होते. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'एकाची सुई दुसऱ्याने वापरू नये. एकाचे ब्लेड दुसऱ्याने वापरू नये.'

"थांब," मी ओरडलेच. आणि सगळं सांगून टाकलं.

मला वाटलं, ती चिडेल. ती चिडली नाही. तिनं रोलर बाजूला ठेवला आणि हळूच विचारलं, "आजी, तुला अजून वाटतं, वण जावेत?"

मला उत्तर देता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्या रागावल्या नाहीत, पण नीट समजावून दिलं. ते इथे मांडते, कारण वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी घरात अशी डबी असेलच.

कातडीला बारीक जखमा केल्या की शरीर त्या भरायला धावतं आणि तिथे कोलॅजन नावाचं नवं प्रथिन तयार होतं. कातडीला घट्टपणा त्यानंच येतो. म्हणजे नात म्हणाली ते खोटं नव्हतं. पण चेहऱ्याच्या कातडीचा वरचा थर साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीचा. घरी वापरायच्या म्हणून पाव मिलिमीटरच्या सुया मिळतात, त्या वरवरच राहतात. लावलेलं औषध आत शिरायला त्यांची मदत होते, खड्डे काही त्यांनी भरत नाहीत. खड्ड्यांसाठी दीड मिलिमीटर किंवा त्याहून खोल जावं लागतं. ते काम दवाखान्याचं. बधिर करायचं मलम, निर्जंतुक सुया, चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं तीन-चार किंवा जास्त बैठका, नंतर उन्हापासून जपणं, आणि फरक दिसायला काही महिने. नातीनं मागवला होता तो एक मिलिमीटरचा. ना घरचा ना दवाखान्याचा. त्यातून तिच्या गालांवर मुरुमं ताजी होती. त्यांवरून सुया फिरवल्या तर एकीकडचा संसर्ग सगळीकडे पसरतो. जोरानं फिरवलं तर रेघांसारखे नवे वण उठतात. आपल्या सावळ्या कातडीवर काळे डाग राहू शकतात. आणि सुयांच्या वाटेनं औषध आत जातं तसा त्यातला सुगंधी अर्कही आत जातो, आणि तो कातडीला सोसतोच असं नाही.

दुसऱ्याची सुई वापरण्याबद्दलही बोलणं झालं. नात ती माझ्यानंतर वापरणार होती, वापरली नाही, हे नशीब. माझ्या रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या, त्या ठीक आल्या. पण गोष्ट नुसत्या शंकेची नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या एका स्पामध्ये सुया टोचून चेहऱ्यावर स्वतःचंच रक्त लावायचा उपचार चालायचा. तिथे २०१८ मध्ये स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाल्याचं पुढे आलं, आणि तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेनं २०२४ मध्ये तसा अहवाल दिला. बिचाऱ्या सुंदर दिसायला गेल्या होत्या. कावीळही अशीच पसरते.

हे तंत्र कुठून आलं ते मी मग वाचलं. १९९७ साली कॅनडातल्या कामिरां आणि दुसे या दोघांनी लिहिलं, की गोंदायच्या यंत्रानं, शाई न घालता, जुन्या व्रणांवर टोचलं तर व्रण सुधारतात. सुयांचा रूळ त्यानंतर दक्षिण आफ्रिकेतल्या डेस्मंड फर्नांडिस या प्लास्टिक सर्जननं पुढे आणला. वाचून मला हसू आलं. माझ्या आईच्या हातावर तुळस गोंदलेली होती. 'मेल्यावर बरोबर हेच येतं,' ती म्हणायची. तिनं वण राहावा म्हणून टोचून घेतलं, मी वण जावा म्हणून.

आता माझं मत सांगते. त्यासाठीच लिहायला बसले.

पहिलं हे, की आम्ही म्हाताऱ्यांनी 'रूपात काय आहे, गुण बघावेत' हे पोरींना ऐकवणं बंद करावं. मी ते शेकडो वेळा म्हटलं आहे आणि प्रत्येक वेळी अर्धं खोटं बोलले आहे. मी मराठी शिकवलं. आपली भाषाच बघा ना. अब्रू गेली की आपलं नाक कापलं जातं, लाज वाटली की तोंड दाखवायला जागा राहत नाही, आणि वाईट वागलं की तोंड काळं होतं. सगळी प्रतिष्ठा चेहऱ्यावर ठेवलेली. मी तर अशा गावात राहते, की लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक इथे कापलं म्हणून गावाचं नाव नाशिक पडलं असं लोक सांगतात. ती गोष्ट मीही रंगवून सांगितली आहे. नंतर ती बाई आरशात कशी बघत असेल, हे कोणत्याही मुलानं विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. चेहऱ्याचं दुःख खरं असतं. नातीचं खरं आहे, माझंही होतं. खरं दुःख आहे म्हणूनच त्याला खरा उपाय शोधावा, खोक्यातला नव्हे.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. सुई दोन प्रकारांनी घरात येते. एक देवी डॉक्टरची. तो उन्हातान्हात चालत यायचा, शिव्या खायचा, वहीत नाव लिहायचा, पुन्हा येऊन फोड आला का ते बघायचा. चुकलं तर विचारायला कोणीतरी होतं. त्या सुयांमुळेच १९७५ नंतर आपल्या देशात देवीचा रोगी नाही, आणि १९८० साली साऱ्या जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं. माझ्यासारखा चेहरा माझ्या नातीच्या पिढीत एकही नाही, ही केवढी गोष्ट! दुसरी सुई कुरिअरनं येते. तिच्यामागे माणूसच नाही. कोणाला टोचावं, कोणाला टोचू नये, मुरुमं ताजी आहेत का, आजी कोणती गोळी घेते, हे विचारणारं कोणी नाही. पहिल्या सुईपासून आम्ही लपलो आणि दुसरी आम्ही पैसे देऊन मागवतो. आजीची चूक अडाणीपणाची होती. मी शिकलेली, तरी कडी लावून तीच चूक उलट्या बाजूनं केली. दोन्ही वेळा जाणत्या माणसाला विचारायचं राहिलं.

म्हणून सांगते, घरी सुया टोचू नका. टोचायच्याच असतील तर आधी त्वचेच्या डॉक्टरला चेहरा दाखवा. आणि डबी तुमची असेल तर ती तुमचीच ठेवा. बहिणीला, मैत्रिणीला, आजीलाही देऊ नका.

माझ्या वणांचं काय, असं मी बाईंना शेवटी विचारलंच. त्या म्हणाल्या, "तुमचं वय, साखर आणि ही गोळी बघता मी सुचवणार नाही. आणि केलं तरी थोडाच फरक पडेल." त्यांनी 'पण'च्या पुढचं बोलून दाखवलं, म्हणून मला बरं वाटलं.

नातीचे मुरुमांवरचे औषधोपचार सुरू झाले आहेत. खड्ड्यांचं मुरुमं बसल्यावर बघायचं आहे. पुण्याला परत जाताना तिनं आम्हा दोघींचा फोटो काढला, अगदी जवळून. माझा प्रत्येक वण त्यात दिसतो. इथला जुना फोटो काढून तो लावावा असं ती म्हणते आहे.

मी अजून ठरवलेलं नाही. बघू.