भीती वाटून घ्यावी

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की संध्याकाळ एकदम आखडते. नोव्हेंबरअखेरीस मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जेवणे लवकर उरकतात आणि पांघरुणात पाय ओढून काहीतरी भीतीदायक पाहावे, अशी लहर घराघरांत येते. ही लहर नवी नव्हे. पूर्वी याच दिवसांत आजी हडळ, मुंजा, वेताळ यांना ओसरीवर बोलावून आणीत असे. आजीची जागा पडद्याने घेतली, एवढेच.

घाबरण्यात गंमत कसली, असे काही मंडळी विचारतात. गंमत अशी की छाती धडधडते, तळहाताला घाम येतो, पण आपण सुखरूप आहोत हे मनाला पक्के ठाऊक असते. आणि ते ठाऊक असते, कारण शेजारी कोणीतरी बसलेले असते. ऐंशीच्या दशकात आमच्या चाळीत वर्गणी काढून एका रात्रीपुरता टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने येई. रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ (१९८४) मी असाच पंचवीस-तीस माणसांत बसून पाहिला. सामरी पडद्यावर आला की कोणी किंचाळे, लगेच कोणी हसे आणि त्या हसण्याने भीती सगळ्यांत वाटली जाई. प्रत्येकाच्या वाट्याला पेलवेल तेवढीच येई.

आज तेच चित्रपट मोबाइलमध्ये आले आहेत. मुलगा पांघरुणात, कानांत इअरफोन. आईवडिलांना वाटते, तो झोपला. दोन दिवसांनी तो न्हाणीघरात जायला सोबत मागतो आणि आपण म्हणतो, ‘‘एवढा घोडा झालास, तरी घाबरतोस?’’ मला वाटते, यात दोष भयपटापेक्षा एकटेपणाचा अधिक आहे. चित्रपटगृहाच्या दारात ‘ए’ प्रमाणपत्राच्या चित्रपटाला मुलांना अडवणारा कोणी तरी असतो. घरात ते काम आपलेच.

म्हणून बंदी नको, सोबत हवी. लहानांसाठी महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (१९९३) चांगला; तात्या विंचूला मुले घाबरतात आणि हसतातही. फारच घाबरली तर मध्येच आवाज बंद करून दाखवावा. भयपटाचे निम्मे भूत आवाजात असते. करकर थांबली की दार नुसते दार उरते. थोड्या मोठ्या मुलांबरोबर ‘महल’ (१९४९) किंवा ‘वो कौन थी?’ (१९६४) पाहावा. दोन्हींत शेवटी भुताच्या जागी हाडामांसाचे माणूस सापडते. एकीकडे प्रेमाचा ध्यास, दुसरीकडे इस्टेटीचा लोभ. मग प्रश्न येतातच: हे सोंग कोणी आणि का रचले?

या प्रश्नांना आपल्याकडे फार मोल आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली, त्याच वर्षी म्हणजे २०१३ मध्ये महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. कायदा झाला, तरी करणी-भानामतीचा संशय एका वर्षात मरत नाही. पडद्यावरच्या भुताला घाबरणे ही करमणूक आहे. शेजारणीवर करणीचा आळ घेणे हा गुन्हा आहे. हा फरक मुलांना पाठ्यपुस्तकाआधी घरात कळावा. भुताचा मुखवटा कसा चढवतात हे ज्याने आपल्या माणसांत बसून हसतखेळत पाहिले, त्याला उद्या एखादा बाबा सहज भिववू शकणार नाही.

तेव्हा या हिवाळ्यात एखाद्या शनिवारी दिवे मालवावेत, सगळ्यांचे मोबाइल कपाटात ठेवावेत आणि भाजलेल्या शेंगांची परात मध्ये घ्यावी. चित्रपट संपल्यावर लगेच उठू नये. आजी असेल तर तिच्या गावचा मुंजा कोणत्या पिंपळावर राहत होता, ते विचारावे. आणि रात्री कोणी पाणी प्यायला जाताना सोबत मागितली, तर चेष्टा न करता उठावे.